किल्ल्या कुणाकुणाकडे? : जैवतंत्रज्ञान कंपन्यांच्या सायबर जोखमीची तुलना

माझ्या थोरल्या बहिणीला बरीच वर्षं मधुमेह आहे. २०१९ साली पुण्यातल्या एका रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी चालू होती आणि ताईने त्यात नाव दिलं होतं. सही करण्याआधी संमतीपत्र वाचायला तिने मला बोलावून घेतलं, कारण घरात कागद वाचणारा म्हणून माझी ख्याती. अकरा पानांचा तो मराठी मजकूर मी मांडी ठोकून वाचला. दुष्परिणाम कोणते, रक्त किती वेळा घेणार, जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार, सगळं खोदून खोदून विचारलं. नवव्या पानावर एक ओळ होती : आपली सर्व माहिती गोपनीय ठेवण्यात येईल. त्या ओळीवर माझं बोट थांबलंसुद्धा नाही.

पुढच्या ऑक्टोबरात, करोनाच्या ऐन धामधुमीत, डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजवर सायबर हल्ला झाल्याची बातमी आली. रशियाच्या स्पुटनिक लशीच्या भारतातल्या चाचण्यांना परवानगी मिळून आठवडाही उलटला नव्हता आणि २२ ऑक्टोबर २०२० रोजी कंपनीला आपल्या डेटा सेंटरच्या सगळ्या सेवा तोडून वेगळ्या ठेवाव्या लागल्या. ताईच्या चाचणीचा त्या कंपनीशी काडीचा संबंध नव्हता. तरी संध्याकाळी तिचा फोन आला.

‘‘अरे, माझे कागद कुणाच्या हाती लागले नसतील ना?’’

‘‘नाही गं ताई, ती कंपनी वेगळी.’’

‘‘वेगळी म्हणजे जास्त चांगली का?’’

मला उत्तर देता आलं नाही. मी संगणकाचा माणूस नव्हे, औषधशास्त्राचाही नव्हे. पंचवीस वर्षं औषधांच्या एका घाऊक दुकानात मालाचा आणि पैशांचा हिशेब ठेवला, तेवढीच या क्षेत्राशी सोयरीक. पण हिशेबाच्या माणसाला दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडून पाहायची खोड असते. मी दोनशे पानी वही आणली. डावीकडे कंपन्यांची नावं, उजवीकडे त्यांच्यावर झालेले हल्ले. दोनतीन महिन्यांत क्रमवारी लागेल, अशी माझी कल्पना होती. पाच वर्षं झाली. वहीची तिसरी आवृत्ती चालू आहे आणि क्रमवारी मी केव्हाच सोडून दिली आहे. ती का सोडली आणि तिच्या जागी काय आलं, ते सांगण्यासाठी हा लेख. (जैवतंत्रज्ञान हा शब्द मी इथे सैलपणे वापरतो आहे. लशी, जैविक औषधं, जनुकांची तपासणी करणाऱ्या आणि या सर्वांसाठी कंत्राटावर संशोधन करून देणाऱ्या अशा सगळ्या कंपन्या त्यात धरल्या आहेत.)

पहिली वही एका साध्या चुकीने वाया गेली. ज्या कंपनीपुढे हल्ल्यांच्या नोंदी जास्त, ती कच्ची. जिच्यापुढे कोरी जागा, ती पक्की, असं मी धरलं होतं. त्या हिशेबाने डॉ. रेड्डीज कच्ची ठरत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईच्या लुपिनने आपल्या संगणक यंत्रणेत असा प्रकार घडल्याचं कळवलं, तीही कच्ची. मार्च २०२३ मध्ये सन फार्माने शेअर बाजाराला कळवलं की आपल्या काही फाइली चोरीला गेल्या आहेत, त्यात व्यक्तिगत माहितीही आहे आणि काही व्यवसायांतल्या विक्रीवर परिणाम होईल. म्हणजे तीही कच्ची. लशीच्या काळात ज्यांचं नाव घरोघरी पोहोचलं त्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट आणि हैदराबादच्या भारत बायोटेक यांच्यापुढे मात्र अशी एकही स्वतःहून दिलेली कबुली माझ्या वहीत नव्हती.

मग लक्षात आलं की पहिल्या तिन्ही कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत आणि शेवटच्या दोन्ही खासगी आहेत. भागधारकांना धक्का बसेल असं काही घडलं तर नोंदलेल्या कंपनीला ते बाजाराला कळवावं लागतं. खासगी कंपनीला तशी सक्ती नसते. माझी वही हल्ले मोजत नव्हती, कबुल्या मोजत होती. चोरी झाल्यावर पोलिसांत गेलेल्याचं घर असुरक्षित आणि न गेलेल्याचं सुरक्षित म्हणावं, तसला प्रकार.

त्या दोन खासगी कंपन्यांविषयी एक बातमी आहे आणि ती काळजीपूर्वक वाचावी लागते. १ मार्च २०२१ रोजी रॉयटर्सने सायफर्मा या सायबर गुप्तवार्ता कंपनीच्या हवाल्याने लिहिलं की चीन सरकारशी जोडल्या जाणाऱ्या ‘एपीटी १०’ या टोळीने सीरम आणि भारत बायोटेक या दोघांच्या यंत्रणांतल्या फटी हेरल्या होत्या. सीरमच्या बाबतीत बाहेरून दिसणारे काही सर्व्हर कमकुवत असल्याचं तीत म्हटलं होतं. फट हेरणं आणि आत शिरणं यांत फरक आहे. शिवाय दावा करणारी कंपनी हीच सेवा विकते. म्हणून मी ही नोंद पेन्सिलीने केली आहे.

कबुलीचे नियम देशागणिक वेगळे असल्यामुळे तुलना आणखी तिरकी होते. अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये तिथल्या बाजार नियामकाने नियम केला : हल्ला गुंतवणूकदारांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे असं ठरल्यापासून कामकाजाच्या चार दिवसांत जाहीर करा आणि वार्षिक अहवालात सायबर जोखीम कशी सांभाळता त्याचं वेगळं प्रकरण द्या. आपल्याकडे सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं. सहा तास म्हणजे अमेरिकेपेक्षा किती कडक, असं वाटेल. पण ही वर्दी सरकारी संस्थेला द्यायची असते. तुम्हाआम्हाला ती दिसत नाही. सेबीने २०२३ मध्ये नोंदलेल्या कंपन्यांना तिमाही सुशासन अहवालात सायबर घटना सांगायला लावल्या, तेवढीच खिडकी. खासगी कंपन्यांसाठी तीही नाही.

अमेरिकी कंपन्यांच्या अहवालांतली ती नवी प्रकरणं मी उत्साहाने वाचायला घेतली. शब्दकोश शेजारी ठेवून चाळीसएक वाचली असतील. पाचव्यानंतर लक्षात आलं की बहुतेक एकाच साच्यातून काढली आहेत. आम्ही मान्यताप्राप्त चौकट पाळतो, बाहेरचे तज्ज्ञ नेमतो, संचालक मंडळाला वेळोवेळी माहिती देतो. लग्नपत्रिकांमध्ये जसा फक्त नावांचा फरक, तसं. तरी त्यांत एक जागा कामाची सापडली : सायबर सुरक्षेचा प्रमुख कुणाला उत्तरदायी आहे आणि त्याचा अनुभव काय. लहान कंपन्यांत हे काम कधी वित्त अधिकारीच इतर कामांबरोबर पाहताना दिसतो. ते वाक्य साच्यातलं नसतं.

दुसरा मार्ग गुणपत्रिकांचा. कंपन्यांना बाहेरून तपासून इंग्रजी अक्षरांत किंवा आकड्यांत गुण देणारे व्यवसाय आहेत आणि विमा कंपन्या, गुंतवणूकदार, मोठे खरेदीदार त्यांचे गुण विकत घेतात. ते पाहतात काय? इंटरनेटवर उघडी राहिलेली दारं, मुदत संपलेली प्रमाणपत्रं, जुनं सॉफ्टवेअर चालवणारे सर्व्हर, इतरत्र फुटलेल्या यादीत या कंपनीतल्या कुणाचा पासवर्ड आहे का. हे सगळं उपयोगाचं आहे, पण रस्त्यावरून घराकडे पाहण्यासारखं. भाड्याच्या क्लाउडवर सगळा कारभार असलेल्या वीस माणसांच्या कंपनीला दर्शनी भिंतच जवळजवळ नसते, तिला चांगले गुण पडतात. शंभर वर्षांत डझनभर कंपन्या गिळून मोठी झालेली कंपनी चाळीस खिडक्यांचा वाडा असते, तिचे गुण कापले जातात. आतल्या खोल्यांना दारं आहेत का, बॅकअप त्याच वाड्यात ठेवला आहे का, हे रस्त्यावरून कुणालाच दिसत नाही. आणि खरं नुकसान तिथेच ठरतं. ते मला मर्कच्या प्रकरणाने शिकवलं, म्हणून त्याला थोडा जास्त वेळ देतो.

मर्क म्हणजे अमेरिकेतली, न्यू जर्सीची. आपल्याकडे एमएसडी नावाने ओळखली जाणारी. (जर्मनीतली त्याच नावाची कंपनी आता वेगळी आहे. माझ्या पहिल्या वहीत दोघी एकाच ओळीत होत्या, तीही एक फजिती.) २७ जून २०१७ रोजी तिच्यावर नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम आदळला. त्याचा रोख मर्कवर नव्हताच, तो युक्रेनवर होता. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सर्रास वापरतात. हल्लेखोरांनी ते बनवणाऱ्यांच्या यंत्रणेत शिरून नेहमीच्या अपडेटमध्ये विष कालवलं. मर्कचं युक्रेनमध्ये कार्यालय होतं, तिथे ते सॉफ्टवेअर होतं, आणि ते कार्यालय जगभरच्या मर्कशी जोडलेलं होतं. न्यायालयात नोंदलेल्या माहितीनुसार पहिल्या दीड मिनिटात सुमारे १०,००० संगणक, पाच मिनिटांत २०,००० आणि शेवटी ४०,००० च्या वर संगणक बाधित झाले. मी दुकानात असताना वर्षअखेरीला तीन दिवस खपून आम्ही जेवढी खोकी मोजत असू, तेवढे संगणक इथे चहा निवायच्या आत गेले.

इतक्या वेगाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. विंडोजमधल्या एका दोषावर मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते संगणक त्या वाटेने पडले. पण दुरुस्ती बसवलेले संगणकही वाचले नाहीत. नॉटपेट्या एका यंत्रात शिरला की त्याच्या स्मृतीत राहिलेले पासवर्ड उचलायचा आणि त्यांच्या जोरावर पुढची दारं उघडायचा. एखाद्या यंत्रावर व्यवस्थापकाने कधी काम केलं असेल तर त्याची किल्ली तिथेच पडलेली असे, आणि ती किल्ली सगळीकडे चाले. म्हणजे प्रश्न कुलपांचा कमी आणि एकच किल्ली किती दारांना लागते याचा जास्त होता.

नुकसान कशाचं झालं? उत्पादन, संशोधन आणि विक्री तिन्ही अडखळलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी गार्डासिल लस पुरेशी बनवता येईना, तेव्हा कंपनीने अमेरिकी सरकारच्या राखीव साठ्यातून मात्रा उसन्या घेतल्या. विमा कंपन्यांवर केलेला दावा सुमारे १४० कोटी डॉलरचा होता. विमा कंपन्यांनी हात वर केले : हा रशियाने युक्रेनवर केलेला हल्ला, म्हणजे युद्ध, आणि युद्धाची भरपाई पॉलिसीत बसत नाही. (अमेरिका आणि ब्रिटन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये या हल्ल्यासाठी रशियन सैन्याला जबाबदार धरलं होतं.) खटला वर्षानुवर्षं चालला. मे २०२३ मध्ये न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने मर्कच्या बाजूने कौल दिला. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून एका बिगरलष्करी कंपनीला बसलेला फटका त्या युद्धकलमात बसत नाही, असा त्याचा मथितार्थ. जानेवारी २०२४ मध्ये पुढची सुनावणी होण्याआधी दोन्ही बाजूंनी तडजोड केली. दरम्यान विमा कंपन्या शहाण्या झाल्या आणि पॉलिसींतली सायबर युद्धाची कलमं नव्याने लिहिली गेली. त्यामुळे आज दोन कंपन्यांची तुलना करताना ‘विमा आहे’ एवढ्यावर भागत नाही, कलम वाचावं लागतं.

मर्कला पैशाचं नुकसान प्रचंड झालं, पण ती उभी राहिली. औषधं बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा सर्वांत मोठा धोका म्हणजे काम थांबणं. आणि थांबलेलं काम पुन्हा सुरू होतं. आता तिच्याशेजारी एक वेगळीच कंपनी ठेवतो.

चार्ल्स रिव्हर लॅबोरेटरीज ही मॅसॅच्युसेट्समधली कंपनी इतरांसाठी संशोधन करते. नव्या औषधाची माणसाआधी करायची तपासणी अनेक कंपन्या तिच्याकडून करून घेतात. एप्रिल २०१९ मध्ये तिने जाहीर केलं की कुणी तरी यंत्रणेत शिरून सुमारे एक टक्का ग्राहकांची माहिती नकलून नेली आहे. एक टक्का ऐकून माझ्यातला हिशेबनीस आधी निर्धास्त झाला. मग सुचलं की ते ग्राहक म्हणजे स्वतः औषध कंपन्या, आणि त्यांतल्या एखादीचा सगळा जीव त्या एकाच रेणूत असू शकतो. कंत्राटी प्रयोगशाळा म्हणजे गावच्या सोनाराची तिजोरी. सोनाराचं स्वतःचं फारसं जात नाही, गावाचं जातं. तुलनेच्या तक्त्यात मात्र नुकसान तिजोरीच्या मालकापुढे लिहिलं जातं आणि दागिन्यांच्या मालकांची रांग कोरी राहते.

सप्टेंबर २०२० मध्ये याचंच दुसरं रूप दिसलं. फिलाडेल्फियाची ईरिसर्चटेक्नॉलॉजी ही कंपनी औषध चाचण्यांमध्ये लागणारं सॉफ्टवेअर पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहितीला कुलूप घालून खंडणी मागणारा हल्ला झाला आणि ठिकठिकाणचे संशोधक रुग्णांच्या नोंदी ठेवायला कागद-पेनावर आले. अॅस्ट्राझेनेकाच्या करोना लशीच्या चाचणीचं व्यवस्थापन पाहणारी आयक्यूव्हिया ही कंपनीही तिच्या ग्राहकांत होती. तिच्याकडे बॅकअप असल्यामुळे ती सावरली. इथे अॅस्ट्राझेनेकाचं कुलूप कितीही पक्कं असतं तरी काय उपयोग होता? ताईचे कागद याच प्रकारच्या साखळीत असणार, हे मला ही बातमी वाचताना पहिल्यांदा कळलं.

साखळीचं टोक तर सरकारी दप्तरात जातं. लशीला परवानगी मागायची म्हणजे आपली सगळी गुपितं नियामकापुढे मांडायची. डिसेंबर २०२० मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि फायझर-बायोएनटेकने परवानगीसाठी दिलेली कागदपत्रं परक्यांनी पाहिली. पुढच्या महिन्यात त्यांतली काही इंटरनेटवर आली. संस्थेने सांगितलं की त्यांतल्या काही पत्रव्यवहारात फिरवाफिरव केलेली आहे, लशीवरचा विश्वास डळमळावा अशा रीतीने. चोरापेक्षा हा चोर वेगळा. त्याने दागिना नेला आणि त्यात पितळ मिसळून चौकात ठेवला. संशोधन कंपनीकडे शेवटी असतं काय, तर आकडे; आणि ते आकडे खरे आहेत ही खात्री. गुपित फुटल्याचं कळतं तरी. पण प्रयोगाच्या नोंदींत कुणी आतून चार आकडे बदलले आणि दोन वर्षं कळलंच नाही तर? याच्या भीतीने चांगल्या कंपन्या प्रत्येक नोंदीबरोबर ती कुणी, केव्हा केली आणि नंतर कुणी बदलली याचा न पुसता येणारा माग ठेवतात. आमच्या दुकानातल्या चोपडीत खाडाखोड करायची तर जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी सही करायची, अशी शेटजींची शिस्त होती. तीच गोष्ट.

तिसरी कंपनी ट्वेंटीथ्री-अँड-मी. लाळेचा नमुना पाठवा, आम्ही तुमचे पूर्वज आणि आजारांचा कल सांगतो, असा तिचा धंदा. सुमारे दीड कोटी ग्राहक. २०२३ मध्ये तिथे कुणी कुलूप फोडलंच नाही. इतर संकेतस्थळांवरून फुटलेले पासवर्ड हल्लेखोरांनी एकेक करून लावून पाहिले. लोक सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतात, त्यामुळे सुमारे १४,००० खाती उघडली. दीड कोटीत १४,००० म्हणजे हजारात एक. पण या कंपनीने ‘जनुकीय नातेवाईक शोधा’ अशी सोय दिली होती आणि प्रत्येक खात्यातून दूरदूरचे नातलग दिसत होते. त्या वाटेने सुमारे ६९ लाख लोकांची माहिती गेली. त्यांतल्या ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या याद्या वेगळ्या काढून विकायला ठेवल्या गेल्या. पासवर्डबरोबर दुसरा आकडा मागण्याची सक्ती कंपनीने या घटनेनंतर केली. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जून २०२५ मध्ये तिला २३ लाख पौंडांच्या वर दंड केला, पण त्याआधीच, मार्च २०२५ मध्ये, तिने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. मग ती ३० कोटी ५० लाख डॉलरला तिच्याच संस्थापिकेच्या नव्या ना-नफा संस्थेने घेतली. ज्यांनी लाळ पाठवली होती त्यांची जनुकं त्या सौद्यात मालाच्या यादीत होती.

आता सांगा, मर्क, चार्ल्स रिव्हर आणि ट्वेंटीथ्री-अँड-मी यांत जास्त जोखमीची कंपनी कोणती? डॉलरमध्ये मोजलं तर मर्क. इतरांना बसणाऱ्या झळीने मोजलं तर चार्ल्स रिव्हर. आणि जे गेलं ते परत मिळवता येतं का, या मापाने तिसरी. पासवर्ड बदलता येतो, कारखाना पुन्हा सुरू होतो, चोरीला गेलेला रेणू पेटंटने थोडाफार राखता येतो. जनुकं बदलून मिळत नाहीत आणि ती एकट्याची नसतात. ताईची फुटली तर अर्धीअधिक माझीही फुटली. या तीन मापांना एका आकड्यात कोंबायचा मी बराच खटाटोप केला. प्रत्येक वेळी आकडा यायचा आणि त्यातून काहीच कळायचं नाही.

शिवाय एकाच कंपनीची जोखीम कालनिर्णयाच्या पानांप्रमाणे बदलते. पेटंटचा अर्ज करण्याआधी सगळा धोका गुपिताला असतो. अर्ज सर्वसाधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, तेव्हा तेच गुपित कुणालाही वाचता येतं. त्यानंतर चाचण्यांचे निष्कर्ष आणि रुग्णांची माहिती मोलाची ठरते. औषध बाजारात आल्यावर उत्पादन. म्हणून प्राथमिक संशोधनातल्या कंपनीची तुलना विक्री करणाऱ्या कंपनीशी करणं म्हणजे पेरणीच्या शेताची खळ्याशी तुलना. आणि गुपिताचा चोर बाहेरूनच येतो असंही नाही. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनच्या पेन्सिल्व्हेनियातल्या एका शास्त्रज्ञाने कंपनीची जैविक औषधांची गुपितं चीनमधल्या आपल्या कंपनीसाठी नेल्याच्या प्रकरणात २०१८ मध्ये गुन्ह्याची कबुली झाली. तिथे कुठलंही दार फोडलेलं नव्हतं.

एक जोखीम मात्र या सगळ्यांत सारखी आहे, आणि तुलनेत ती निसटते. प्रयोगशाळेतलं महागडं यंत्र एका संगणकाला जोडलेलं असतं. यंत्र पंधरा वर्षं चालतं, संगणक पाच वर्षांत जुना होतो. तो बदलायचा तर ‘यंत्र पूर्वीसारखंच मोजतं’ हे पुन्हा सिद्ध करावं लागतं, त्यात वेळ आणि पैसा जातो. म्हणून कोट्यवधींच्या यंत्राशेजारी मायक्रोसॉफ्टने केव्हाच वाऱ्यावर सोडलेलं विंडोज नांदत असतं. नव्या यंत्रांचंही सारं आलबेल नाही. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकी सायबर सुरक्षा संस्थेने इल्युमिना कंपनीच्या जनुकवाचन यंत्रांतल्या एका दोषाला दहापैकी दहा इतका गंभीर ठरवलं. दूरवरून कुणाला यंत्राचा ताबा घेता आला असता. ही यंत्रं जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. म्हणजे परस्परांच्या हाडवैरी असलेल्या दोन कंपन्या या बाबतीत एकाच नावेत. जुलै २०२५ मध्ये इल्युमिनाने अमेरिकी सरकारशी ९८ लाख डॉलर देऊन तडजोड केली. सरकारी संस्थांना सदोष सॉफ्टवेअरची यंत्रं विकल्याचा आरोप होता, कंपनीने तो मान्य केलेला नाही.

(गंमत म्हणून : २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी घातक प्रोग्राम चक्क डीएनएच्या तुकड्यात लिहिला आणि तो तुकडा वाचणाऱ्या संगणकाचा ताबा घेऊन दाखवला. त्यासाठी त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये दोष स्वतःच पेरला होता, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. वर्तमानपत्रांना ही कथा फार आवडते. मला ते जुनं विंडोज जास्त भिववतं.)

वहीची तिसरी आवृत्ती आता वेगळी दिसते. हल्ल्यांचा रकाना आहे, पण मागच्या पानावर. पुढच्या पानावर प्रत्येक कंपनीपुढे मी आधी लिहितो की तिच्याकडे काय आहे : स्वतःचं गुपित, दुसऱ्याचं गुपित, लोकांची शरीरं की चालता कारखाना. त्याखाली ते आणखी कुणाकुणाच्या हातांत असतं. मग हल्ला झाल्यावर किती दिवसांत बोलली, आणि पहिलं बोलणं नंतर किती बदलावं लागलं. हे शेवटचं मला सर्वांत बोलकं वाटतं. १४,००० खात्यांपासून ६९ लाख माणसांपर्यंतचा आकडा लोकांसमोर यायला दोनेक महिने गेले. उलट हल्ल्याच्या दिवशीच सेवा तोडून तसं जाहीर करणारी डॉ. रेड्डीज माझ्या पहिल्या वहीत नापास होती. आता या रकान्यात तिला मी चांगले गुण देतो. यातून पहिली-दुसरी निघत नाही. एकाच टप्प्यावरच्या, एकाच तऱ्हेचं जोखमीचं धन सांभाळणाऱ्या दोन कंपन्या असतील तर तेवढ्यापुरतं ‘ही बरी’ म्हणता येतं.

यंदा आषाढात ताईला दुसऱ्या एका चाचणीसाठी विचारणा झाली. रुग्णालय तेच, कंपनी निराळी. आम्ही दोघं समन्वयक बाईंपुढे बसलो. मी दुष्परिणाम विचारले, रक्ताचं विचारलं आणि गोपनीयतेच्या ओळीवर बोट ठेवलं. नमुने कुठल्या प्रयोगशाळेत जाणार? साखरेची रोजची नोंद ज्या मोबाइल अॅपमध्ये करायची ते कुणाचं? आकडे शेवटी कुठल्या कंपनीकडे आणि किती वर्षं राहणार? यात जनुकांची तपासणी आहे का? बाई चांगल्या होत्या. आजवर हे कुणी विचारलं नाही म्हणाल्या, आणि चार दिवस मागून घेतले. पाचव्या दिवशी त्यांनी एका चिठ्ठीवर पाच कंपन्यांची नावं लिहून दिली आणि जनुकांची तपासणी नाही, असं खाली लिहिलं.

पाचांतल्या दोघी माझ्या वहीत होत्या, तिघींची नावं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

‘‘मग करू का सही?’’ ताईने विचारलं.

दोघींबद्दल ठाऊक होतं ते सांगितलं. तिघींबद्दल काही ठाऊक नाही, हेही सांगितलं. ताईने चिठ्ठी माझ्या हातून घेतली, संमतीपत्राच्या स्वतःच्या प्रतीला टाचणीने लावली, बाईंना तीवर तारीख घालायला सांगितली, आणि मग सही केली.